'ताप आहे' असं यंदा कळवू नका: हॅलोविन, शाळा आणि आपली मुलं

जय ख्रिस्त, ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते आधी मांडते, काही चुकलं तर सांगा. पुण्याहून न्यू जर्सीला येऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. ३१ ऑक्टोबरला शाळेत मुलं सोंगं घेऊन येतात, मैदानाला फेरी मारतात, मग वर्गात पार्टी होते. तुम्हाला आणि तुमच्या पाळकसाहेबांना हे भुताखेतांचं प्रस्थ पटत नाही. तुमच्या मिस्टरांना त्यात वावगं वाटत नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज नवा फॉरवर्ड वाचून दाखवतात. गेल्या वर्षी तुम्ही शाळेला 'ताप आहे' असं कळवून त्याला घरी ठेवलंत आणि तो दिवसभर रुसून बसला. यंदा काय करावं, असं विचारता.

मी इथल्या एका सरकारी शाळेत बावीस वर्षं दुसरीलाच शिकवते, आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळा (मुलांचा बायबलचा वर्ग) घेते. माहेर नगरचं, मिशन कंपाउंडातलं. त्यामुळे असे पालक मला टेबलाच्या पलीकडे बसलेले भेटलेत, आणि एकेकाळी मीही त्याच खुर्चीत बसलेय.

हॅलोविन पाळायचं नाही, हे तुमचं ठरलेलं दिसतं. त्यावर मी वाद घालणार नाही. गाडं अडलंय ते 'नाही' म्हणायचं कसं यावर. त्यातही घरात दोघांची दोन मतं असताना सात वर्षांच्या पोराच्या तोंडून ते 'नाही' कसं वदवायचं, हा खरा पेच आहे.

तापाचं आधी बोलू. ऑक्टोबरच्या शेवटी एक-दोन तरी अशा चिठ्ठ्या येतातच. पोटदुखी, दातांचा डॉक्टर, ताप. आम्हा शिक्षकांना ते कळतं, आम्ही काही बोलत नाही एवढंच. पण मुलालाही माहीत असतं की आपल्याला ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारी बसणारा मित्र विचारतो, "बरा झालास का?" आणि या बिचाऱ्याला आईची थाप पुढे रेटावी लागते. ज्या श्रद्धेपायी त्याला घरी ठेवलं, तिच्याच नावावर त्याला खोटं बोलायला लावलं, असं होतं ते. माझ्या मते गेल्या वर्षी तो परेड चुकली म्हणून जेवढा रुसला नसेल, तेवढा या लपवाछपवीनं गोंधळला असेल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सरसकट उत्तर देणारा माणूस दिसला की मी जरा लांबच उभी राहते. पहिलं म्हणजे तुमची मंडळी कोणती. आमच्या ओळखीतल्या वसईच्या कॅथलिक कुटुंबाला १ नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर म्हणजे कबरींवर फुलं-मेणबत्त्या लावायचा दिवस. त्यांना ३१ ची रात्र परकी वाटत नाही, तिच्यावर चढलेले सांगाडे मात्र वाटतात. नगर-संगमनेरकडच्या आपल्या लोकांचं, त्यातही पेंटेकॉस्टल घरांचं, मत बरंच कडक असतं. दुसरं, मुलाचं वय. बालवाडीतलं पोर विसरून जातं, अकरा वर्षांचं स्वतः वाद घालतं, आणि सात वर्षांचं मधल्यामध्ये असतं: त्याला सगळं कळतं, पण सांगायला शब्द नसतात. तिसरं, शाळा. आमच्याच राज्यात साउथ ऑरेंज-मेपलवुड इथल्या शाळांनी २०२३ मध्ये शाळेच्या वेळेतलं हॅलोविन बंद केलं, तेव्हा खुद्द गव्हर्नरनी जाहीर नाराजी दाखवली होती. काही शाळा नुसतं नाव बदलून 'फॉल फेस्टिव्हल' म्हणतात. काहींकडे सकाळपासून दुसरं काही चालतच नाही. तुमच्या शाळेत नेमकं किती वाजता काय असतं, ते आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी सगळा मामला शेवटच्या दीड-दोन तासांचा असतो. त्यासाठी पूर्ण दिवस बुडवायची गरज नसते.

सासूबाईंच्या फॉरवर्डमधलं 'सैतानाचा वाढदिवस' वगैरे सोडून द्या, त्याला काडीचा आधार नाही. पाश्चात्त्य मंडळीनं आठव्या-नवव्या शतकात सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला आणला. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन, नावाचा अर्थच तो. त्याच सुमारास आयर्लंडकडच्या केल्ट लोकांचा सुगी संपल्याचा 'साविन' नावाचा सण असे, आणि त्या रात्री मेलेली माणसं फिरतात असा समज होता. दोन्ही एकमेकांत मिसळले. १८४० च्या दशकातल्या दुष्काळात आयरिश लोक लोंढ्यानं अमेरिकेत आले आणि सोबत हे घेऊन आले. तिकडे सलगम कोरत, इकडे भोपळे मिळाले. दारोदार गोळ्या मागणं तर १९३० च्या दशकात पसरू लागलं, दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा थंडावलं आणि १९४७ मध्ये रेशनिंग उठल्यावर फोफावलं. म्हणजे तुमच्या दारात येणाऱ्या पोरांच्या हातातली ती प्लॅस्टिकची बादली जेमतेम आपल्या आजीच्या वयाची.

हे सांगायचं कारण असं, की मुलाला जे कारण द्याल ते खरं असू द्या. भीती घालून बाहेर काढलेलं मूल वर्गात येऊन तीच भीती दुसऱ्यांना घालतं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलानं, सतरंजीवर गोल करून बसलो असताना, चेटकिणीची टोपी घातलेल्या मुलीला सांगितलं, "तू नरकात जाणार." ती हुंदके देऊन रडली. त्याची आई संध्याकाळी आली तेव्हा तिला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. घरी तिनं 'नरक' शब्द टीव्हीकडे बघून उच्चारला होता, मैत्रिणीकडे बघून नव्हे. मुलाला तो फरक कसा कळावा?

मग खरं कारण कोणतं? तुमच्या मुलाच्या वयाला एवढं पुरे होतं: "आपण येशूचे आहोत. मरण आणि भुतं यांची मजा करायची नाही, असं आई-पप्पांनी ठरवलंय. बाकीची घरं वेगळं ठरवतात. ते वाईट नाहीत." शेवटचे तीन शब्द गाळू नका.

आता रेघ कुठे मारायची. शब्बाथ शाळेत मी बायबलमधला दानीएलाचा पहिला अध्याय शिकवते (बाबेलच्या राजानं बंदी करून नेलेला हा यहुदी तरुण) तेव्हा मुलांना एक यादी करायला लावते: दानीएलानं काय काय मान्य केलं? त्यानं बाबेलचं नाव घेतलं, लोक त्याला बेल्टशस्सर म्हणत. खास्द्यांची भाषा शिकला, त्यांची विद्या शिकला, राजाच्या नोकरीत राहिला. आणि नाही कशाला म्हणाला? राजाच्या ताटातल्या अन्नाला आणि द्राक्षारसाला. तेही आदळआपट न करता. कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन बघा. परक्या राज्यात इतक्या गोष्टी गळ्यात पडलेल्या असताना त्यानं एक जागा निवडली आणि तिथेच पाय रोवला. सगळ्यालाच नाही म्हणाला असता तर त्याचं म्हणणं कुणी ऐकलं असतं का, मला शंका आहे.

शाळेतल्या ऑक्टोबरचंही असंच सुटं सुटं करून पाहा. आम्ही भोपळ्याचं वजन करतो, आतल्या बिया दहा-दहाच्या ढिगांत मोजतो. ते गणित आहे. एका पालकांनी त्यालाही हरकत घेतली होती. अहो, लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीला वाघाच्या तावडीतून टुणुक टुणुक सोडवून आणणारा भोपळा तो, त्याच्यावर कसला राग? पानगळीची चित्रं, सफरचंदाच्या बागेतली सहल, यांचाही हॅलोविनशी संबंध नाही. सांगाड्यांची भित्तिचित्रं, परेड, पार्टी, संध्याकाळचं दारोदार फिरणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. यातलं काय चालेल आणि काय नाही, ते एकेक करून ठरवा. 'हॅलोविन नको' एवढंच सांगितलंत तर शिक्षिका घाबरून त्याला भोपळ्याच्या गणितातूनही उठवेल, आणि पोर तीन आठवडे वर्गाबाहेर.

मला माझ्या वडिलांनी शाळेतून असंच अर्धवट काढलं होतं. नगरला तिसरीत असताना दसऱ्याच्या आधी पाटीपूजन असायचं. पाटीवर एक-एक आकडे जोडून सरस्वती काढायची, हळद-कुंकू वाहायचं, हात जोडायचे. वडील आदल्या दिवशी सायकलवर शाळेत आले. बाईंना म्हणाले, "ती पाटी आणेल, सरस्वती काढेल, रांगेत बसेल. पूजा मात्र करणार नाही, तेवढं सांभाळून घ्या." बाईंनी एक क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "मग तिनं फुलं वाटावीत." मी परडी घेऊन सबंध रांगेत झेंडू वाटत फिरले. कुणी विचारलंच नाही की तू हात का जोडले नाहीस, कारण माझे हात रिकामेच नव्हते. आमच्या मंडळीतल्या एका काकांना फुलं वाटणंही पटलं नव्हतं, हेही सांगते. ते त्यांच्या जागी बरोबर असतील. वडिलांनी रेघ जरा पलीकडे मारली होती, एवढंच.

ही युक्ती मी शिक्षिका झाल्यावर विसरले, याची मला अजून लाज वाटते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाला घरच्यांनी परेडमधून वगळायला सांगितलं. घाईत मी त्याला ऑफिसात बसवलं आणि गठ्ठ्यातून रंगवायचं एक पान उचलून दिलं. तासाभरानं घ्यायला गेले तर पान होतं झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं. त्यानं ते पालथं करून मागच्या कोऱ्या बाजूला ट्रक काढला होता. चाकं मोजून अठरा. आणि ज्या खुर्चीत मी त्याला बसवलं होतं, तिथे एरवी शिक्षा झालेली मुलं बसतात, हे मला संध्याकाळी घरी गेल्यावर सुचलं.

याच्या उलट एक मुलगी आठवते. यहोवाचे साक्षीदार पंथातलं कुटुंब. ते लोक वाढदिवससुद्धा करत नाहीत, नाताळही नाही. तिची आई सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात अर्धं पान टाइप करून घेऊन आली. काय करणार नाही, याच्या तीन ओळी होत्या. काय आनंदानं करेल, याच्या पाच. परेडच्या वेळी ती मुलगी लायब्ररीत परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायची आणि पार्टी संपली की येऊन टेबलं पुसायला लागायची. एका मैत्रिणीला ती म्हणाली, "तुझे पंख मस्त आहेत. आमच्याकडे नाही करत." मी डावखुरी आहे, असं सांगावं तितक्या सहज. ते वाक्य तिच्याकडून घरी कितीतरी वेळा घोकून घेतलं असणार. तुम्हीही घ्या. रात्री जेवताना तुम्ही मित्र व्हा, विचारा, "तू का नाही आलास?" आणि त्याला त्याच्या शब्दांत उत्तर देऊ द्या. इंग्रजीत, कारण विचारणारा इंग्रजीतच विचारणार आहे.

शिक्षिकेला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेल करा, आदल्या रात्री नको. चार-पाच ओळी पुरतात: आमच्या श्रद्धेमुळे तो ३१ तारखेच्या परेडमध्ये आणि पार्टीत नसेल. भोपळ्याचं गणित, शरद ऋतूची चित्रं, हे सगळं तो करेल. त्या वेळात त्याला लायब्ररीत किंवा दुसऱ्या वर्गात काही काम देता येईल का? एकट्याला बसवू नये, एवढी विनंती. पार्टीसाठी कागदी प्लेट आणि नॅपकिन आम्ही पाठवतो. ही प्लेट-नॅपकिनची ओळ मी मुद्दाम घालायला सांगते. नाही म्हणणाऱ्या घराकडून काहीतरी आलंय, हे वर्गातल्या बाकीच्या आयांना दिसतं.

कायद्याचा धाक दाखवायची वेळ सहसा येत नाही, पार्टी म्हणजे काही अभ्यासक्रम नव्हे. तरी मनाला आधार हवा असेल तर सांगते. इथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४३ मध्येच ठरवलंय की शाळेत मुलाला श्रद्धेविरुद्ध झेंड्याला सलामी द्यायला भाग पाडता येत नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांच्या बाबतीत तसाच निकाल लागला. ती मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण गात नसत. दोन्ही खटले या यहोवाच्या साक्षीदारांचेच होते. ईमेलमध्ये यातलं काही लिहू नका. भांडायला आलेल्या पालकाचं ईमेल आम्ही आधी प्रिन्सिपलकडे पाठवतो, आणि मग साधी गोष्टही मीटिंगची होते.

आता तुमचे मिस्टर. मला सगळ्यात जास्त काळजी या भागाची वाटते. वर्गात ज्या मुलांना हा दिवस जड जातो, त्यांच्या घरी बहुतेक वेळा एक पालक 'जाऊ दे गं' म्हणत असतो आणि दुसरा डोळे वटारत असतो. मूल ते नेमकं ओळखतं आणि ज्याच्याकडून हो मिळेल त्याच्याकडे जातं. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय दोघांनी मिळून वाचा. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो. मानणाऱ्यानं न मानणाऱ्याचा न्याय करू नये आणि उलटंही नको, असं तो सांगतो. मला यातून असा व्यवहार दिसतो: ज्याच्या मनाला टोचतंय, त्याचं या वर्षी ऐकावं. पण त्या माणसानं दुसऱ्याला 'तुझा विश्वासच कमी' असं ऐकवायचं नाही. आणि एखादी गोष्ट त्यांच्या म्हणण्याप्रमाणे होऊ द्या. समजा, शेजारच्या आजोबांच्या अंगणात भोपळा कोरायला जाणं. मुलापर्यंत मात्र 'आई नको म्हणते' असं जाता कामा नये, 'आम्ही ठरवलंय' असंच गेलं पाहिजे. हे तुमच्या घरात जमेल की नाही, ते मला इथून सांगता येणार नाही.

दिवाळीचंही आधीच ठरवून ठेवा. दोन-तीन आठवड्यांच्या फरकानं शाळेत दिवाळीचा कार्यक्रम असतो, आणि आपण हौसेनं पोराला कुर्ता घालून पाठवतो. तो विचारेल, "मग हे कसं चालतं?" माझ्या मुलीनं विचारलं होतं. मी तिला आजीचं सांगितलं. शेजारून फराळाचं ताट आलं की आजी दोन्ही हातांनी घ्यायची, आणि नाताळात त्याच ताटात करंज्या-चकल्या भरून परत पाठवायची. पूजेचा प्रसाद आला तर तेवढा नम्रपणे नको म्हणायची. माणसांचं घ्यायचं, पूजेचं नाही, अशी तिची सरळ वाटणी होती. तुमची वेगळी असू शकते. पण 'आपलं ते चालतं, त्यांचं ते नाही' हे उत्तर सात वर्षांचं पोरही मान्य करत नाही.

चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून गोळ्या वाटतात, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. मला ते फारसं रुचत नाही. तेच सोंग, तीच साखर, फक्त पार्किंग आपलं. ३१ ऑक्टोबर १५१७ ला चर्चच्या चुकांवर बोट ठेवून प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणारा लूथर हवा असेल तर त्याची गोष्ट सांगा ना सरळ. पण मुलाला त्या संध्याकाळी दोस्तांसोबत कुठेतरी असायचंच असेल, तर घरी रुसून बसण्यापेक्षा ते बरं.

आणि ती संध्याकाळ. इकडे पोर्चचा दिवा चालू म्हणजे 'या', बंद म्हणजे 'येऊ नका', एवढं तुम्हाला माहीत असेलच. मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही दिवा घालवला, पडदे ओढले आणि मागच्या खोलीत बसलो. बाहेर पोरांचा गलका चालला होता. कुणी दार वाजवलं की आम्ही दोघं आवाज खाली करायचो. तिनं कुजबुजत विचारलं, "मम्मी, आपण कोणापासून लपतोय?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षीपासून आम्ही दिवा लावतो. सोंग नाही, फिरणं नाही, पण दार उघडतो आणि ती वाटते. चॉकलेटऐवजी रंगीत पेन्सिली, कारण माझ्या वर्गातल्या दोघातिघांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. मंडळीतल्या काहींना हे दार उघडणंही पटत नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. तुम्हाला नको असेल तर त्या संध्याकाळी कुणाकडे जेवायला जा, नाहीतर त्याला पोहायला न्या. अंधार करून बसू नका, एवढं मात्र ऐका. आणि पेन्सिली ठेवणार असाल तर दीडशे तरी आणा, आमच्या पहिल्या वर्षी साडेसातलाच संपल्या होत्या.